कासवीण दाखवणारा माणूस

खुटबाव, मार्च १९७६

ललिताताई,

अंदमानात तुझ्या दारात येऊनही आबांनी पाण्याचा घोट घेतला न्हाई. तू आत जाऊन रडलीस, ते मी पाहिलं. दाजी बौद्ध म्हणून आबांनी तुझं नाव टाकलेलं. किती विनवण्या करून मी त्यांना बोटीत बसवलं होतं, आन् शेवटी हे असं झालं.

पण पहाटे दाजींनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं, तवाचं तुला ठाऊक न्हाई. एक भली मोठी कासवीण वाळूत अंडी घालून समुद्रात निघून गेली. आबा हळूच म्हणाले, "आता पिलांकडं कोण बघायचं?"

"आम्ही जंगल खात्याची माणसं राखण करतो, आबा," दाजी म्हणाले.

परतताना बोटीत आबा मला म्हणाले, "जावई मायाळू हाय गं. पण ललीला कळवू नकोस. भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई." त्यांनी शपथ घातली, म्हणून हे लिहून माझ्या ट्रंकेतच ठेवतेय.

आता ओसरीवर आबा सगळ्यांना बेटाच्या गोष्टी रंगवून सांगतात. काल संपतमामांनी विचारलं, "तुम्हाला हे दाखवलं कुणी?"

"होता कुणीतरी शिपाई," आबा म्हणाले.

मी चहा घेऊन तिथंच उभी होते, ताई. दाजींचं नाव न घेताच कप खाली ठेवले आन् आत आले.

तुझी धाकटी,
रंभा