अक्काची भाकर भावातच

माझ्या अक्काला, तुझ्या धाकट्या भावाचा शरणार्थ.

तिकडं सगळे बरे आहेत का? अव्वाचा गुडघा काय म्हणतो? अप्पांचा खोकला? त्यांना म्हणावं, आता तरी चिलीम सोडा. नाहीतर राहू दे, तिकडं जाऊन कशाला सोडायची! आपला पहिला म्हातारा बैल भेटला का गं? त्याच्या मानेवरचा घट्टा गेला का? आणि तुझी कंबर? बसून बसून आखडली नाही ना? आपल्या रीतीनं तुला बसवूनच ठेवलं आम्ही, हातात लिंग, कपाळाला विभूती. माती लोटताना मनात एकच आलं, गाडीवर बसायचीस तशीच बसलीस की!

तुला वाचता येत नाही हे ठाऊक आहे. जुने पंतोजी तिकडंच आहेत, त्यांच्याकडून वाचून घे. अक्षर बघून ते हसतील. सांग त्यांना, यानं शाळा बघितली नाही, बसवण्णाच्या कल्याणच्या बाजारातल्या पाट्या वाचून शिकलाय.

आजच कामून लिहायलोय म्हणशील. अक्का, आज मी भाव सांगितला. मी! माझ्या तोंडानं! आणि घरात हे सांगायला कुणी नाही. करियप्पाला सांगितलं, त्यानं एक कान हलवला. बिळियप्पानं तेवढंही केलं नाही. काळ्या-पांढऱ्या बैलांना अप्पा लावून बोलायची सवय तुझीच. "जो पोटाला घालतो त्याला अप्पा म्हणावं," म्हणायचीस. मला मात्र कधी अप्पा म्हणाली नाहीस हं!

मादन हिप्परग्याच्या सासरहून तू पांढऱ्या कपाळानं परत आलीस तेव्हा गल्ली म्हणाली, आता ही कोपरा धरणार. तू गाडीत पुढं, धुरेजवळची जागा धरलीस. कासरा माझ्या हातात, बोलणं तुझ्या. मी मुलखाचा लाजरा. कुणी "काय घेशील?" म्हटलं की मी बैलांच्या पायाकडं बघायचो.

सरकारी सडक आपल्या शिवारात आली तो दिवस आठवतो का? तोवर आपण खेपेवर जायचो. सडकेचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराचा मुकादम छत्री घेऊन आला, खिशातनं घड्याळ काढलं आणि म्हणाला, आता तासावर भाव. गाडीवाले एकमेकांकडं बघायला लागले. तास म्हणजे केवढा, हेच कुणाला माहीत नव्हतं. जो तो आधी दुसऱ्याचा भाव ऐकायला टपलेला.

तू म्हणालीस, "घड्याळ धर हातात. आमी एक खेप करून येतो."

मुरूम भरला, सडकेवर नेला, गाडी मागं उलाळून ओतला, परत आलो. मग तू बैल सोडलेस. ते चिंचेखाली बसून रवंथ करायला लागले. तू पण बसलीस. बैल आपणहून उठले तेव्हा विचारलंस, "झाला का तुझा तास?"

"हो गया. पण अक्का, बैल बैठे सो भी पैसा देना कते?"

"तू छत्रीखाली बसतोस त्याचे मिळत्यात न्हवं तुला? मग?"

सगळे हसले. मुकादम सगळ्यांत जास्त हसला, हे त्याचं चांगलं. मग तू बोटांवर मोजत गेलीस. बैलांची पेंड. चाकाचं वंगण. लोखंडी धावेची झीज. सोमवारचा चारा, कारण सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी खांद्यावर जू नाही, पण पोट तर आहे! "गाडी उभी असती तवा बी बैल खातो," म्हणालीस. मग माझ्याकडं बोट करून, "ह्याची भाकर." मग स्वतःकडं, "माझी भाकर."

"तुझी कामून?" मुकादम म्हणाला. "गाडी तर तो हाकतो."

"आन् भाव कोण सांगायलंय? त्याचं तोंड उघडायलंय का बघ की!"

झालं. तोच भाव ठरला. मुरूम असो, चुना असो, लग्नाची भांडी असोत, आपल्या गाडीचा भाव तोच. बाकीचे एकमेकांचं बघून उतरायचे. तू उतरली नाहीस. दुसऱ्याचा भाव बघून आपला लावला की आपला बैल दुसऱ्याच्या पोटानं जेवतो काय, असं विचारायचीस. मला सगळा हिशेब शिकवलास. पण तो समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलायचा कसा, हे कामून शिकवलं नाहीस? एवढी घाई होती जायची?

आता ऐक. सडकेचं काम हुमनाबादच्या बाजूनं पुन्हा निघालंय. मागच्या आठवड्यात मुकादम आला. तोच. आता दाढी पांढरी झालीय, घड्याळाची साखळी तुटून दोरा आलाय. तुझ्या समाधीपाशी जाऊन डोळे पुसून आला. मग माझ्याजवळ बसला आणि खाली बघून म्हणाला, "रागावू नक्को. हे माझं नाही, गुत्तेदाराचं बोलणं. तुझ्या भावात अक्काची भाकर होती. आता एक तोंड कमी झालं. तेवढं कमी कर. सोमवारी जवाब दे."

अक्का, मला राग आला नाही. हिशेबानं बघितलं तर त्याचं खरंच होतं ना? पण तू गेलीस हे गावानं सांगितलं, पंचांनी सांगितलं, तेव्हा मी मान हलवली. आता मात्र ते माझ्याच तोंडानं म्हणायचं, आणि तेही भावात!

आठवडाभर झोप नाही. आपल्या ओळीतल्या सगळ्या गाड्या जाणार होत्या. हंगामभर मुक्काम, संध्याकाळी चुलीभोवती टवाळी, कुणीतरी मला चिडवणार, मीही चार शब्द बोलणार. भाव उतरवला तर माणसं. नाही उतरवला तर हे घर. इथं माझ्या खोकण्याला भिंतीच तेवढ्या उत्तर देतात. मन म्हणायचं, जा की बाबा, एका भाकरीनं काय होतंय?

आज सोमवार. मुकादम आला. बैल दारात बसलेले. माझी नजर सवयीनं त्यांच्या पायाकडं गेली. तिथनं उचलायला किती जड गेली म्हणून सांगू! वर बघितलं आणि सगळं म्हणून दाखवलं. पेंड, वंगण, धाव, सोमवारचा चारा, माझी भाकर, अक्काची भाकर.

"अरे, पण भाव आता तू सांगतोस ना?" मुकादम म्हणाला.

"न्हाई. अक्काच सांगायलीय. मी नुसता बोलायलोय. मग तिची भाकर कशी काढू?"

तो हसला नाही. घड्याळ खिशात घातलं. "गुत्तेदार मानणार नाही रे," म्हणाला. मी म्हणालो, "व्हय." दुपारी बाकीचे गाड्या जुंपून निघाले. त्यांच्यात सोमवार पाळणारेही होते. चाकांचा आवाज ओढ्यापलीकडं गेला आणि मग गावात काहीच ऐकू येईना. दारात उभा राहिलो. धूळ खाली बसेपर्यंत उभा होतो.

आजही दोन माणसांच्या भाकरी थापल्या मी. सवय जात नाही. तुझी भाकर मोडून अर्धी-अर्धी दोघा अप्पांना घातली. तुझा वाटा वाया गेला नाही, एवढं पंतोजींना दोनदा वाचायला सांग.

उन्हं उतरल्यावर वेशीजवळची नागव्वा आली. तुझ्यासोबत ज्वारी निवडत बसायची ती. तिच्या माळवदावर पांढरी माती टाकायची आहे.

"भाव काय घेतोस?" तिनं विचारलं.

मी सगळं पुन्हा म्हटलं. शेवटी थोडा अडखळलो.

"म्हंजे अक्काचाच की," ती म्हणाली. "मग उद्या सकाळी ये. माती दाखवाया मी बी येते गाडीवर. आन् मागं बसते हं. पुढं अक्का बसती."

"बसती" म्हणाली, अक्का. "बसायची" म्हणाली नाही.

ती गेल्यावर मी गाडीच्या पुढची फळी पुसली. मग हा कागद घेतला.

तर तुला वचन देतो. काम मिळो, न मिळो, मी हाकतोय तोवर बैलांचं बसणं तासातच राहील, सोमवार पाळीन, आणि तुझी भाकर भावातनं निघणार नाही. उद्या नागव्वाच्या घराकडं वळताना जरा सावरून बस, तिथं खड्डा आहे.

अव्वा-अप्पांना शरणार्थ सांग. आणि उत्तर लवकर धाड गं. दोन ओळी चालतील, रागावलीस तरी चालेल. पत्ता बदललेला नाही, चिंचेखालची गाडी विचारली की कुणीही दाखवील.

तुझी वाट बघणारा,
तुझा मुका भाऊ,
आता थोडा बोलायलोय