ऐकणाऱ्या बाई

बुधवार, १४ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

मागच्या खेपेला तू स्वेटर, छत्री आणि लेक अशा तीन गोष्टी इथे विसरून गेलीस. पहिल्या दोन्हींची चौकशी केलीस. तिसरीही बरी आहे.

अक्षर ओळखलंस का? शेजारच्या मास्तरांचं नाही. तीन महिने पेन धरलं की जिचा हात थरथरायचा, तिचं आहे. वरची ओळ वाकडी गेली ती हसल्यामुळे.

सोमवारी तिला कामावर हजर करा, असं तू कळवलंस. ‘औषधं काढून द्यायची, त्यात दमायचं काय?’ अगं, दवाखान्याच्या औषधखिडकीत ही एकटी तिघींचं काम करायची. चुकीची गोळी जाईल या धास्तीनं एकेक पाकीट सात-सातदा तपासायची. एका सकाळी कुलपाला किल्ली लावून तासभर तशीच उभी राहिली.

आता मनाच्या उपचारासाठी ती ज्या बाईंकडे जाते, त्या नुसत्या गप्पा मारतात असं तुला वाटतं. मलाही वाटायचं. पाळत ठेवायला म्हणून सोबत गेले, तर पोरीनंच आत बसवून घेतलं.

बाई लिहून घेत नाहीत. मला अडाणीला हे फार पटलं. लिहिणारी माणसं जन्मभर माझ्याशी कागदाकडे बघून बोलली. या तोंडाकडे बघतात. पोर अर्धा तास गप्प, तर याही गप्प. घड्याळाकडे मान वळली नाही. मग बाईंनी विचारलं, “सातव्यांदा तपासलं की काय वाटतं?”

“आठव्यांदा बघावंसं.” आणि स्वतःच हसली गं!

आता माझ्या गोळ्यांच्या डबीवर सराव चालतो. दोनदा बघायचं, झाकण लावायचं. काल मी मुद्दाम म्हटलं, “नक्की ना?” तर म्हणते, “आजी, तुझ्यासारख्यांचं काय करायचं तेही बाईंनी सांगितलंय.”

काल बाईंनी मलाही विचारलं, “आजी, तुम्हाला काही बोलायचंय?” म्हटलं, माझं कसलं डोंबल! आणि तुझंच बोलत सुटले. तू विसरली असशील. ही जन्मली तेव्हा तू दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी म्हणाले होते, सोंगं पुरे, ऊठ. तू उठलीस. तेव्हापासून उभीच आहेस.

बाईंनी दोष दिला नाही. “तुमचंही तेव्हा कुणी ऐकलं नसेल,” एवढंच म्हणाल्या.

इथे लिहिणारीचा हात थांबलाय. थरथरत नाही, नुसता थांबलाय. लिही गं.

तर सोमवारी ती जाणार नाही. बाई म्हणतात, अजून महिनाभर थांबू, मग अर्धा दिवस. रागवायचं तर माझ्यावर रागव, तेवढं मी तुझं देणं लागते.

बाईंच्या खोलीत चार खुर्च्या आहेत. आम्हाला तीन पुरतात.

तुझ्या कोंबड्यांची बारा अंडी पाठव. टपालात फुटतात, मांडीवर धरूनच आणावी लागतील. मंगळवारी सकाळपर्यंत पोचली पाहिजेत, दुपारी बाईंकडे जायचं असतं.

तुझी,
तेव्हा चुकलेली आई