पोपटाचा डोळा

प्रिय गफूरचाचा,

रविवारी पहाटे आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि जुन्या धोतराचं एक फडकं ओलं करून पिशवीत टाकलं. बायकोने विचारलं, "देवळात जाताना ओलं फडकं काहून?" मी म्हटलं, "एका पोपटाचा डोळा पुसायचा आहे." 

तुम्ही मात्र ओळखलं असेल. 'जाऊ दे गा' म्हणून तुम्ही जे सोडून दिलं होतं, ते मी सोडलं नाही. हे तुम्हाला सांगायलाच हवं, म्हणून लिहितो आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मीच सगळं वाचून दाखवायचो. हेही मोठ्याने वाचतो आहे असं समजा.

आठवतं, आमच्या कचेरीच्या गच्चीची गळती काढायला तुम्ही आला होतात? मला म्हणालात, "बाबू, कागदात डोकं घालून नागपूर दिसत नाही. पायी फिर." मग पाच वर्षं एक रविवार चुकला नाही. महाल, इतवारी, तळ्याकाठची भोसल्यांच्या वेळची देवळं, गोंड राजांच्या कबरी. तुम्ही भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचात आणि सांगायचात, इथं वीट आहे, इथं दगड, आणि इथं मिस्त्रीनं लबाडी केली! मी वहीत लिहून घ्यायचो. कुहीच्या शाळेत शिकलेला मी. इतिहास म्हणजे पाठ करायची गोष्ट, एवढंच मला माहीत होतं. तो हाताला लागतो हे तुम्ही शिकवलंत.

तुमच्या खोलीत तुर्कांच्या कुठल्याशा सुलतानाच्या मशिदीचं कॅलेंडर होतं. साल कधीच सरलं होतं, तरी काढलं नव्हतंत. "तिथल्या गल्ल्या पायी पाहाच्या होत्या गा. घुमटच घुमट म्हणतात. नाही जमलं, म्हणून आपलं महाल-इतवारी." आणि हसायचात. तुमच्या त्या हसण्याचाच मला आता राग येतो. चाचा, सगळंच कसं हसण्यावारी नेलंत हो तुम्ही?

मुरलीधराच्या देवळाच्या दारावरचा चुन्याचा पोपट दाखवून एकदा तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "लिही. दोनशे सालाचा आहे." मी भक्तिभावाने लिहिलं. पुढच्या रविवारी पोट धरून हसलात. "अरे बाबू, तो म्याच केला! जुना पडला होता, पुजाऱ्यानं मले बोलावलं. डोळ्याले काही भेटे ना, त सोड्याच्या फुटक्या बाटलीतली गोटी लावून देली. आता चुन्याचे हात देऊन देऊन झाकली गेली. काट ते, खोटं लिहून ठेवलं त पाप लागन." मी हो म्हटलं. काटायचं राहून गेलं.

मग धरमपेठेतले ते निवृत्त साहेब आले. त्यांना जुन्या वास्तूंचा शौक. दोन दिवसांसाठी म्हणून वही नेली, चार महिन्यांनी परत केली, आणि पुढे त्यांचं पुस्तक निघालं. मी तुमच्या खाटेजवळ बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तुमचं पेर वाजवणं होतं, पण ते त्यांचं झालं होतं. 'माझ्या निरीक्षणास आले', 'मी पायी हिंडून शोधले'. तुमचं नाव? कुठेच नाही. पोपट मात्र होता, दोनशे वर्षांचा!

त्या दिवशी तुम्ही खोकत खोकत हसलात. "माझं नाव छापून का चूल पेटते?" मी हसलो नाही. तुम्ही महिनाभरात गेलात, आणि कबरीवर मूठभर माती टाकताना माझ्या मनात प्रार्थना नव्हती. तो पोपट होता.

वर्षभराने साहेब कचेरीत आले. दुसरी आवृत्ती निघणार होती. "नारायणराव, काही चूक वगैरे राहिली असेल तर सांगा." माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, चाचा. पन्नाशीला आलो, जाणूनबुजून खोटं बोललो नव्हतो. मी म्हटलं, "नाही साहेब. सगळं बरोबर आहे. पोपट तर मुखपृष्ठावर घ्या."

त्यांनी घेतला.

परवाच्या रविवारी साहेब पंधरा-वीस पाहुण्यांना देऊळ दाखवायला आणणार होते. मी खांबाशी उभा राहिलो. साहेबांनी पोपटाकडे छडी रोखली. तो घाट, ती नजर, आताच्या कारागिरांना हे जमणं नाही! मी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग पुजाऱ्याचं स्टूल पुढे केलं, फडकं हातात दिलं. "साहेब, डोळ्यावर चुना बसला आहे. तुमच्याच हाताने पुसा." ते खूश होऊन चढले. पुसलं, नखाने खरवडलं. पापुद्रा पडला आणि हिरवी गोटी चमकली.

सगळे माना वर करून जवळ सरकले. मग इतवारीचा एक म्हातारा व्यापारी ओरडला, "बाप्पा! हे त सोडावॉटरची गोटी होय! भोसले सोडा पेत होते का गा?"

काय हसले लोक! साहेब स्टुलावरच होते. उतरायलाही जमेना.

"तुम्हाला माहीत होतं," ते मला म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"मला विचारलंत साहेब. पुस्तक लिहितानाच विचारायचं होतं, गफूर मिस्त्रीला. तेव्हा ते होते." मग तुमचं नाव मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पोपट कुणाचा, वही कुणाच्या तोंडची, पुस्तक कुणाचं. छडी घ्यायचीही शुद्ध न राहता साहेब निघून गेले.

नंतर मुरलीधरापुढे उभा राहिलो. खोटं बोलल्याची माफी मागावी असं वाटलं होतं. हात जोडले, पण माफी मागितली नाही. मला वाईट वाटत नव्हतं. देवाला तेवढंच खरं सांगितलं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून त्या म्हाताऱ्याची फजिती केली गा?" म्हणा. मला ऐकायचं आहे. पण माझं वचन ऐका. दर रविवारची फेरी त्याच दारापासून सुरू करीन. येईल त्याला स्टुलावर चढवीन, गोटी दाखवीन, करणाऱ्याचं नाव सांगीन आणि चोरणाऱ्याचंही. पाय चालतात तोवर.

घरी आलो आणि वही काढली. ती ओळ मी विसरलो नव्हतो, चाचा. पुस्तक निघाल्यापासून मुद्दाम ठेवली होती. आता तिचं काम झालं. तुम्ही सांगितलं होतं तशी काटली, आणि खाली लिहिलं: हा पोपट गफूर मिस्त्रीने केला.

तुमचा कुहीवाला बाबू,
नारायण