मला ठेवलं, अंगदला नेलं

१२ जानेवारी

धनश्री आली. पुण्याची चित्रकार. गाईड सर म्हणाले, "दोघी मिळून काम करा, बायका मोकळेपणानं बोलतील." म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत? पाथर्डीहून उत्तरेला, नेवाशाकडं ऊसतोडणीला येणाऱ्या बायकांवर प्रबंध माझा. हा तळ माझा. इथं तिसऱ्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहते ती आई तर माझीच! आणि आता ही बया रंगीत खडू घेऊन हजर.

१३ जानेवारी

आईचा फॉर्म भरायला बसले. किती वर्षं तोडणी करतेस? "तुला म्हाईत हाय की." मुलं लहान असताना कुठं ठेवायचीस? "लिही तुझ्या मनानं." उठली आणि भाकरी थापायला लागली. रकाना कोराच.

तोच तर मला हवाय! प्रबंधासाठी – छे, खोटं कशाला, माझ्यासाठीच. मी सहा वर्षांची, धाकटा भाऊ अंगद पाच. दिवाळी झाली की आई आणि दादा, म्हणजे वडील, त्याला घेऊन इकडं यायचे. मी गावात आजीपाशी. उन्हाळ्यात परत आला की अंगद माझ्याभोवती नाचायचा – "तुला टाकलं, मला नेलं!" लाडका लेक ना. अजून डोकं फिरतं माझं.

१५ जानेवारी

धनश्रीनं कोपीसमोर कागद पसरले. मी फॉर्म काढला की ज्यांची कंबर धरते, त्याच बायका खिदळत चित्रं काढतायत! आई तिला एकदम चिकटून बसलेली, हळू आवाजात काहीतरी सांगत होती. धनश्रीचा मोबाईल समोर, रेकॉर्डिंग चालू. मी दिसले आणि आई गप्प.

जळफळाट झाला नुसता. रडलेसुद्धा. लाज वाटते लिहायला.

१६ जानेवारी

आईनं तिला ठेचा-भाकर बांधून दिली. मला विचारलंसुद्धा नाही.

१८ जानेवारी

अंगद मोळी बांधत होता. आता तोही तोडणीलाच. विचारलं, आई काय बोलते रे तिच्याशी? हसला. "ताई, तुला लई टाईम हाय बग." असा राग आला! लाडक्यानं मला शिकवू नये.

१९ जानेवारी

धनश्रीकडं रेकॉर्डिंग मागितलं. "काकू हो म्हणाल्या तरच देईन." फार शहाणी! आईला विचारलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "ऐक. पन माज्यासमोर नको."

२० जानेवारी

एसटीत ऐकलं. आईचाच आवाज.

"सासू म्हनली, एकच लेकरू ठिव, दोन मला झेपायची न्हाईत. आमी पोरीला ठिवलं, शाळंसाटी. अंगद लई रडायचा वं – ताईच का, मला बी शाळंत जायचंय. मग मीच त्याला शिकवलं. म्हन, तिला टाकलं, मला नेलं. पोरीला सांगू नका. तिला घास गोड लागायचा न्हाई."

अंगदला फोन लावला. तो उसात होता. "बोल की ताई," म्हणाला. मी विचारलं, जेवलास का रे?