वर्षाचा श्वास

१२ नोव्हेंबर २००५, राळेगाव
आले बाई एकदाची! यवतमाळच्या घरातून पहिल्यांदाच एकटी, एस.टी.नं, आणि वाटेत छातीत एकदाही धडधडलं नाही. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी आहे. खिडकीत बसून कापूस आणणाऱ्यांना वजनकाट्याची पावती द्यायची. शेजारच्या खिडकीत वर्षा राठोड, जवळच्या तांड्यावरची. दुपारी तिनं भाकरीबरोबर ठेचा दिला, काय झणझणीत होता! समोर अंगणात कापसाची गंजी, दुमजली घराएवढी. मी खूश आहे.

१९ नोव्हेंबर
भाव पडला आणि लोक खिडकीवर तुटून पडले. श्वासच येईना. उठून पळाले ती गंजीमागच्या बोळात, भिंतीला टेकून बसले. तिथे आवाज पोचत नाही. वर्षा शोधत आली. कायले घाबरून राह्यली ताई, माह्या श्वासासंगं श्वास घे, असं म्हणून तिनं माझा हात आपल्या पाठीवर ठेवला. खरंच उतरलं की! डॉक्टरांच्या गोळीनं उतरत नाही ते.
पण हिला काहीच कसं होत नाही? शिव्या देत आलेला माणूस हिच्या खिडकीवर मऊ होतो. मॅनेजर विठ्ठलरावही तिलाच विचारतात. बी.कॉम. मी, आणि थरथरतेय कोण, तर मीच. जळफळाट होतो नुसता.

२ डिसेंबर
आता रोज तिच्या श्वासावर श्वास धरते. काम करता करता, चोरून. तिला पत्ता नाही. किती सावकाश श्वास घेते मेली! मला तो हवाय, सगळाच.

९ डिसेंबर
आज वर्षाच्या हातून पावत्या सांडल्या. घामानं निथळत होती. ताई, मले काहून असं होऊन राह्यलं, विचारत होती. आणि मी एकदम शांत! रांग माझ्या खिडकीवर. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? तिला म्हटलं, घाबरल्यासारखं झालं की गंजीमागे जाऊन बस.

१४ डिसेंबर, दुपार
जेवणानंतर वर्षा गंजीमागे गेली. मग गंजीवरच्या मजुरांनी नवा कापूस मागच्या बोळात लोटला. भरपूर. मी खिडकीतून पाहत होते. ओरडायला उठले, तेवढ्यात विठ्ठलराव सगळ्यांसमोर माझं कौतुक करू लागले. बसले. निघाली असेल ती. असेलच.

सायंकाळ
सगळे म्हणतात, तांड्यावर गेली. मीही हो म्हटलं.
छातीत अडतंय. धडधड नाही, हे वेगळंच — जिभेला कापूस लागतोय. थुंकले. पांढरं. त्यात सरकीचा दाणा —

खोलीवर
माझा श्वास कसा होता, आठवत नाही — हा तिचा आहे — तिथे खाली —
आवाज फुटत नाही. कुणी आलं तर हे वाचा — विठ्ठलराव, वर्षा जिवंत आहे — नसती तर मी लिहिते कशी — बारीक येतोय, अजून येतोय — गंजीमागे, भिंतीकडून उक