रेघेच्या मागे

१८ जुलै
भामरागडला पोहोचले. डेपोतली खोली कोरडी, जेवणात अंबाडीची भाजी. अपेक्षेपेक्षा चांगलं. काम : रानात माजलेली रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं चिपर मशीनमध्ये घालून बारीक करायची. माणसं दोन, लच्छूभाऊ आणि इतवारीबाई. दोघं फांद्या हातानेच आत ओढणाऱ्या रोलरांमध्ये कोंबत होते. मी दीड मीटरच्या दोन सागाच्या काठ्या करून घेतल्या, टोकाला आडवी फळी. फळीपासून ९० सेंटिमीटरवर लाल रेघ मारली. समजावलं : रेघेच्या पुढचं मशीनचं, मागचं आपलं. लच्छूभाऊ म्हणाला, मॅडमनं मशिनीले चमचा आणला, आता लाळेरं बी बांधा. इतवारीबाई हसली नाही. तिने रेघ बोटाने चाचपली आणि बरोबर तिच्यामागे मूठ धरली.

२१ जुलै
शिस्त बसली. इतवारीबाई म्हणते, रेघ तुमी मारली ना, मंग मले कायचं भेव.

२३ जुलै
दोन्ही काठ्यांवर रेघ ८१ वर. काठ्यांची लांबी तीच. आधी मोजताना चुकले असेन. खरवडून पुन्हा ९० वर मारली.

२४ जुलै
६४. ९० वर रंगाचा ठिपकाही नाही. लच्छूभाऊला विचारलं. म्हणाला, रंगाचा डबा तुमच्याच कुलपात हाये, मले काऊन विचारता.

२५ जुलै
२२. मी मोजण्याआधीच काम सुरू झालं होतं. रोलरने इतवारीबाईचा हातमोजा ओढून नेला. हात वाचला. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, मी रेघीच्या मांगंच होती, मॅडम.
खरं होतं.
काठ्या जाळल्या. मशीनची बॅटरी काढून खोलीत ठेवली.

२७ जुलै
पूल पाण्याखाली, रस्ता बंद. इतवारीबाईच्या उजव्या मनगटावर लाल रेघ. रॉकेलनेही जात नाही. ही माझी नाही, मानू नका, असं सांगितलं. तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

२८ जुलै
रोलर फिरत होते. बॅटरी खोलीतच आहे — दोनदा पाहिली. मी पोहोचेपर्यंत तिने हात घातला होता. मनगटापर्यंत. नेमका. ओरडलीसुद्धा नाही.
लच्छूभाऊ तिला डोंग्यातून दवाखान्यात घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, रेघीच्या मांगचं वाचलं, मॅडम. दोष देत नव्हती.

२९ जुलै
एकटी. मशीन चालू —

सकाळी आंघोळ करताना दिसली. कोपराच्या वर. सरळ, एकसारखी. माझ्याच हातची —

दार लावलं होतं. आता उघडं. मी उठले नव्हते.

लिहिते आहे तो हात रेघेच्या पु