ओळख नसलेली बाई

विल्मट,

तापाने फणफणलेल्या तुला इंग्रजांच्या बाजूने लढणारी तुझी कॅनडाची पलटण आमच्या शेतावर टाकून पुढे गेली. माझा नवरा कोर्नेलिस आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या बाजूने तुमच्याशीच लढत होता, तरी मी तुला पेज भरवून पुन्हा उभं केलं.

काल तूच मशाल घेऊन दारात आलास.

"अरे, आत सासूबाई झोपल्यात," मी म्हणाले.

"घर जाळायचा हुकूम आहे, काकू. लवकर बाहेर काढा."

म्हातारीला मी खाटेसकट ओढत आणलं. छप्पर पेटल्यावर तुझ्या सोबत्याने विचारलं, "ही बाई तुझ्या ओळखीची का रे?"

"छे!" तू म्हणालास.

आता आम्हाला इंग्रजांच्या कैदी छावणीत नेताहेत. हे पत्र मी पाठवणार नाही. कोर्नेलिस भेटला आणि घर कुणी जाळलं म्हणाला, तर 'इंग्रजांच्या शिपायांनी' एवढंच सांगेन. ज्याला घरात ठेवून घेतलं, त्याचं नाव सांगायला जीभ रेटत नाही.

अलेटा